पावसात गाडी घसरते तेव्हा नेमकं काय होतं? आणि सुटलेला ताबा परत कसा मिळवायचा?

जून महिना सुरू झाला की बातम्यांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं: 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने अपघात झाला.' कधी ती गाडी दुभाजकावर चढलेली असते, कधी घाटात कठड्याला धडकलेली, तर कधी समोरून येणाऱ्या लेनमध्ये शिरलेली. पण 'ताबा सुटला' म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं.

ताबा सुटण्याचेही प्रकार असतात. पुढची चाकं घसरणं वेगळं, मागची चाकं घसरणं वेगळं आणि चारही चाकं पाण्यावर तरंगणं वेगळं. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे आणि एका प्रकारातला उपाय दुसऱ्या प्रकारात अंगाशी येऊ शकतो. विशेष म्हणजे घाबरल्यावर आपण आपोआप जे करतो, म्हणजे करकचून ब्रेक आणि स्टिअरिंगला जोरात हिसका, ते यातल्या बहुतेक वेळा चुकीचं ठरतं.

गाडी रस्त्याला कशी धरून राहते?

हजार-बाराशे किलोची कार रस्त्याला फक्त चार जागी टेकलेली असते. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. वेग वाढवणं, ब्रेक लावणं, वळण घेणं ही सगळी कामं या चार तळहातांएवढ्या रबरावर होतात.

या रबराची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. तेवढ्यातच सगळं भागवायचं. पकडीचा काही भाग ब्रेकसाठी वापरला तर वळणासाठी तेवढी कमी उरते. वळणात सगळी पकड वापरली जात असताना वर जोरात ब्रेक मारला, तर खर्च कमाईपेक्षा जास्त होतो आणि टायर घसरतो. कोरड्या रस्त्यावर पगार भरपूर असल्यामुळे ही उधळपट्टी खपून जाते. पावसात पगार जवळजवळ अर्ध्यावर येतो, पण चालवण्याची सवय मात्र तीच राहते.

हे आकड्यांत पाहू. चांगल्या टायरचा कोरड्या डांबरी रस्त्यावरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ धरला जातो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ च्या आसपास येतो. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असं मानलं, तर गाडी थांबायला लागणारं एकूण अंतर असं येतं:

• ६० किमी वेगाला: कोरड्यात सुमारे ४५ मीटर, ओल्यात सुमारे ६० मीटर
• ८० किमी वेगाला: कोरड्यात सुमारे ७० मीटर, ओल्यात सुमारे ९६ मीटर
• १०० किमी वेगाला: कोरड्यात सुमारे ९८ मीटर, ओल्यात सुमारे १४० मीटर

टायर झिजलेले असतील किंवा रस्त्यावर चिखल असेल तर हे अंतर आणखी वाढतं. वळणाचंही असंच आहे. ५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त ६५ किमीच्या आसपास वेगाने घेता येतं. ओल्या रस्त्यावर हीच मर्यादा ५० किमीपर्यंत खाली येते आणि चिखल असेल तर ४० च्याही खाली. 'रोजचाच रस्ता, रोजचाच वेग' हा हिशोब पावसात चुकतो तो इथे.

पहिला पाऊस जास्त धोक्याचा का?

उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, गाड्यांमधून गळलेलं तेल आणि टायरच्या रबराचा बारीक भुगा साचत राहतो. पहिली सर आली की हे सगळं पाण्यात मिसळून पातळ, बुळबुळीत थर तयार होतो. धो धो पाऊस पडला तर तो वाहून जातो. पण नुसती भुरभुर असेल तर थर तसाच राहतो. म्हणून पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं आणि मोठ्या उघडिपीनंतरची पहिली सर जपून राहण्याची असते.

त्यानंतरही काही जागा पावसाळाभर फसव्या राहतात:

• झेब्रा क्रॉसिंगचे आणि लेनचे रंगवलेले पट्टे
• उड्डाणपुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या आणि गटाराची झाकणं
• शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, घाटातला सावलीचा भाग, झाडाखाली पडलेला पाला
• कोकणात आणि मावळात भात लावणीच्या दिवसांत शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आलेला चिखल
• डंपरची ये-जा असलेल्या ठिकाणची लाल माती

यांतल्या कुठल्याही जागेवरून जाताना ब्रेक, वळण किंवा गिअर बदलणं टाळावं. आधीच वेग कमी करून तेवढा भाग सरळ, एकसारख्या वेगात पार करावा.

प्रकार पहिला: गाडी पाण्यावर तरंगते

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. पाण्याला बाजूला जायला वाट मिळावी म्हणून त्या असतात. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि गाडी ८० किमी वेगाने चालली आहे असं समजा. मध्यम आकाराच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर, म्हणजे जवळपास एक बादली पाणी समोरून बाजूला सारावं लागतं. हे जमेनासं झालं की पाणी टायरच्या पुढे साचतं, मग पाचरीसारखं खाली शिरतं आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. याला हायड्रोप्लेनिंग किंवा ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. अशा वेळी टायर आणि रस्ता यांच्यामध्ये फक्त पाणी असतं. त्यामुळे स्टिअरिंग फिरवून काही होत नाही आणि ब्रेक दाबूनही फारसा उपयोग नसतो.

या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास आधी विमानांसाठी झाला, कारण ओल्या धावपट्टीवर उतरताना विमानं घसरत होती. अमेरिकेच्या 'नासा'च्या संशोधकांनी १९६३ मध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून एक सोपं सूत्र मिळालं: टायर कोणत्या वेगाला तरंगेल, हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतं. टायरच्या खाचा पुरेशा नसतील आणि पाणी साचलेलं असेल, तर हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढून त्याला साधारण १६.७ ने गुणलं की धोक्याचा वेग किलोमीटरमध्ये मिळतो.

• ३२ पीएसआय हवा: सुमारे ९४ किमी
• २४ पीएसआय हवा: सुमारे ८२ किमी
• २० पीएसआय हवा: सुमारे ७५ किमी

सूत्र मूळचं विमानाच्या टायरसाठीचं असल्यामुळे कारच्या बाबतीत हे आकडे ढोबळ समजावेत. रुंद आणि झिजलेला टायर याच्या आधीही तरंगू शकतो. त्यामुळे ९४ पर्यंत निर्धास्त राहता येईल असा याचा अर्थ नाही. हवा कमी असेल तर धोका लवकर सुरू होतो, एवढं यातून स्पष्ट होतं.

द्रुतगती मार्गांवर हा प्रकार जास्त घडतो, कारण तिथे वेग असतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारसाठी सपाट भागात १०० किमी वेगाची मर्यादा आहे, पण ती कोरड्या रस्त्यासाठीची कमाल मर्यादा आहे. मुसळधार पावसात दुभाजकाच्या कडेला किंवा रस्त्याच्या खोलगट भागात पाणी साचलं असेल, तर त्याच १०० च्या वेगात गाडी तरंगू शकते.

गाडी तरंगते आहे हे कसं ओळखावं?

• स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं, हातात काही नसल्यासारखं वाटतं.
• पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर इंजिनचा आवाज अचानक चढतो, पण वेग वाढत नाही.
• गाडीखाली पाणी आपटल्याचा मोठा आवाज येतो.
• एकाच बाजूची चाकं पाण्यात गेली असतील तर गाडी त्या बाजूला ओढली जाते.

अशा वेळी काय करावं?

१. ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला. झटक्यात सोडू नका.
२. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी जिकडे जात होती तिकडेच सरळ ठेवा.
३. ब्रेक दाबू नका.
४. हाताने गिअर बदलायची गाडी असेल तर क्लच दाबला तरी चालतो. त्यामुळे चाकं मोकळी फिरतात. ऑटोमॅटिकमध्ये गिअरला हात लावू नका.
५. थांबा. वेग थोडा उतरला की टायर पुन्हा रस्त्याला टेकतात.

यातलं पाचवं पाऊल सगळ्यात अवघड असतं. एक-दोन सेकंद काहीही न करता बसून राहणं माणसाच्या स्वभावात नसतं. पण तरंगत्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर त्या क्षणी काहीच होत नाही, म्हणून माणूस ते आणखी फिरवतो. मग टायर अचानक रस्त्याला टेकतात तेव्हा चाकं पूर्ण वळलेली असतात आणि गाडी त्या दिशेला जोरात फेकली जाते. अशा वेळी दुभाजक ओलांडणारी किंवा उलटणारी गाडी अनेकदा तरंगण्याने नव्हे, तर त्यानंतरच्या या हिसक्याने जाते.

प्रकार दुसरा: पुढची चाकं घसरतात

वळणावर स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळायला तयार नाही आणि सरळच चालली आहे, तर पुढची चाकं घसरली आहेत असं समजावं. याला अंडरस्टिअर म्हणतात. ऑल्टो, स्विफ्ट, आय२०, नेक्सॉन अशा आपल्याकडच्या बहुतेक कार पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनचं वजनही पुढेच असतं. त्यामुळे अशा गाड्यांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: वळणात शिरताना वेग जास्त होता.

आपल्याकडे डाव्या बाजूने गाडी चालवतात. त्यामुळे डाव्या वळणावर असं झालं तर गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये जाते आणि उजव्या वळणावर झालं तर रस्त्याबाहेर. घाटात यांपैकी एका बाजूला डोंगर असतो आणि एका बाजूला दरी.

गाडी वळत नाही म्हटल्यावर स्टिअरिंग आणखी फिरवावंसं वाटतं. पण टायर आधीच त्याच्या क्षमतेबाहेर गेलेला असतो. त्याला आणखी वळवून पकड वाढत नाही. त्याऐवजी:

१. ॲक्सिलरेटर सोडा. वेग कमी होतो आणि गाडीचा भार थोडा पुढे येऊन पुढच्या टायरवर दाब वाढतो.
२. स्टिअरिंग थोडंसं परत सोडा, म्हणजे चाकं जरा सरळ करा.
३. पुढचे टायर पुन्हा पकड घेऊ लागले की हाताला ते जाणवतं. मग हळूहळू हवं तेवढं वळवा.
४. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक लावणं भागच असेल तर लावता येतो. एबीएस नसेल तर हलक्या पायाने दाबून सोडत राहा.

प्रकार तिसरा: मागची चाकं घसरतात

मागचा भाग एका बाजूला झुकू लागतो आणि गाडी आडवी होऊ पाहते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, ईको अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटर जोरात दाबला की असं होऊ शकतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतही हे घडतं. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर झटक्यात सोडला किंवा ब्रेक मारला, की भार पुढे जातो, मागची बाजू हलकी होते आणि सरकते. मागचे टायर झिजलेले असतील तर आणखी लवकर.

घाटातून उतरताना एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच झटक्यात सोडला, तरी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाच परिणाम होतो. उतारावर खालचा गिअर हवाच. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं तर अजिबात नको. पण तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा.

मागचा भाग घसरला तर:

१. ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक मारू नका.
२. मागचा भाग ज्या बाजूला सरकतो आहे, स्टिअरिंग त्याच बाजूला फिरवा. मागचा भाग डावीकडे चालला तर स्टिअरिंग डावीकडे.
३. नजर झाडावर किंवा कठड्यावर नव्हे, तर जिथे जायचं आहे त्या रस्त्यावर ठेवा. हात नजरेच्या मागे जातात.
४. गाडी सरळ व्हायला लागली की लगेच स्टिअरिंगही सरळ करा.

चौथं पाऊल विसरलं तर गाडी पहिल्या घसरणीतून सावरते, पण दुसऱ्या बाजूला त्याहून जोरात घसरते. डावीकडे-उजवीकडे झोके खात उलटणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ सोशल मीडियावर दिसतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं असंच झालेलं असतं.

एवढं करूनही गाडी फिरायला लागली आणि आता सावरणार नाही हे स्पष्ट झालं, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून ठेवावेत. गाडी फिरते, पण लवकर थांबते आणि भलतीकडे धावत नाही.

एबीएस आणि ईएससी काय करतात?

जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम झालं की गाडी घसरत जाते आणि वळवता येत नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सेकंदाला अनेक वेळा ब्रेकचा दाब सोडून पुन्हा लावतं. त्यामुळे ब्रेक लावलेला असतानाही स्टिअरिंग काम करतं. कारमध्ये आजच्या रूपातलं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आणलं. भारतात नवीन मॉडेलच्या कारसाठी एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलसाठी एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालं.

एबीएस चालू झालं की ब्रेकच्या पेडलला जोरात थरथर जाणवते आणि खडखड आवाज येतो. काहीतरी तुटलं असं वाटून अनेक जण तेव्हाच पाय उचलतात. तसं करू नये. पेडल दाबूनच ठेवावं आणि अडथळ्याच्या बाजूने गाडी वळवावी. एबीएसचा मुख्य फायदा ब्रेक दाबलेला असताना गाडी वळवता येण्यात आहे, कमी अंतरात थांबण्यात नाही. खडी किंवा सैल मातीवर एबीएस असलेली गाडी उलट थोडी लांब जाऊन थांबू शकते.

ईएससी (काही कंपन्या याला ईएसपी म्हणतात) त्यापुढचं काम करतं. चालकाने स्टिअरिंग कुठे वळवलं आहे आणि गाडी खरोखर कुठे चालली आहे, याची ते सतत तुलना करतं. दोन्हींत फरक पडला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनची ताकद कमी करून गाडी वळणावर आणतं. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांत हे आलं. १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने केलेल्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास अडथळा चुकवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ईएसपी सरसकट द्यायला सुरुवात केली आणि हे तंत्र सामान्य गाड्यांपर्यंत पोहोचलं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानुसार, ईएससीमुळे एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका जवळपास निम्म्याने कमी होतो. भारतात ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावं लागतं.

गाडी चालवताना डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चिन्ह लुकलुकलं, तर ईएससीने नुकतीच मदत केली असा त्याचा अर्थ. दिवा लुकलुकला म्हणजे वेग परिस्थितीपेक्षा जास्त आहे. पण एक लक्षात ठेवावं: ही यंत्रणा असलेल्या पकडीचा नीट वापर करते, नवी पकड तयार करत नाही. टायर पाण्यावर तरंगत असेल तर ईएससीकडेही वापरायला काही नसतं.

काही पक्के गैरसमज

'पावसाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, पकड वाढते.'
चूक. वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाडीसाठीचा हा उपाय आहे. ओल्या पक्क्या रस्त्यावर हवा कमी असेल तर टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि गाडी कमी वेगातच तरंगते. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला दाब ठेवावा.

'जड एसयूव्ही घसरत नाही.'
चूक. वजन जास्त असलं तर तिला थांबवण्यासाठी लागणारी ताकदही जास्त असते. उंच गाडी वळणात जास्त कलंडते. फोर बाय फोरमुळे चिखलातून निघायला मदत होते, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात.

'रुंद टायर बसवले की प्रश्न मिटला.'
कोरड्या रस्त्यावर फायदा होऊ शकतो. पण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो.

'जोराचा पाऊस आला की चारही इंडिकेटर लावून चालवावं.'
चालत्या गाडीत हॅझर्ड लाइट लावले की बऱ्याच गाड्यांत वळण्याचा इशारा देता येत नाही आणि मागच्याला गाडी उभी आहे की चालू, हे कळत नाही. चालवताना हेडलाइट आणि असतील तर फॉग लाइट लावावेत. हॅझर्ड लाइट उभ्या गाडीसाठी आहेत.

'क्रूझ कंट्रोल लावलं की वेग एकसारखा राहतो, ते बरं.'
ओल्या रस्त्यावर नको. वेग कमी व्हायला हवा त्याच क्षणी ते वेग टिकवायला पाहतं, आणि पायही पेडलपासून लांब असतो.

'हँडब्रेक ओढला की गाडी थांबते.'
पारंपरिक हँडब्रेक फक्त मागची चाकं जाम करतो. ओल्या रस्त्यावर याचा परिणाम गाडी गर्रकन फिरण्यात होतो.

टायर तपासायला लागणारी पाच मिनिटं

नवीन कारच्या टायरवर खाचांची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. कायद्याने ती किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. खाचांच्या तळाशी मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा रस्त्याला टेकणारा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर कायद्यानेही संपला. पण पाणी बाजूला सारण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी उतरते. त्यामुळे खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली की पावसाळ्यापूर्वीच टायर बदललेले बरे.

टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो. '३५२१' म्हणजे २०२१ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी फारशी फिरलेली नसली तरी वर्षं उलटली की रबर कडक होतं आणि ओल्यात पकड सोडतं. जुनी गाडी घेताना हा आकडा आवर्जून पाहावा. स्टेपनीचाही पाहावा.

दोनच टायर नवीन घ्यायचे असतील तर ते पुढे बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र ते मागे बसवायला सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर हाताला लगेच कळतं आणि पाय उचलला की गाडी सावरते. मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि तिला सावरणं सामान्य चालकाला जमतंच असं नाही.

हवा आठवड्यातून नाही तरी पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासावी.

घसरूच नये म्हणून

नॉर्वेमध्ये नवीन चालकांना निसरड्या ट्रॅकवर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की तरुण पुरुष चालकांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. 'आपल्याला सावरता येतं' या भरवशावर वेग वाढला होता. त्यामुळे वरची माहिती अडचणीच्या क्षणासाठी आहे, जास्त वेगाचा परवाना म्हणून नाही.

रोजच्या चालवण्यात एवढं सांभाळलं तरी पुष्कळ आहे:

• पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवत असाल तर पावसात ते चार-पाच सेकंदांचं ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला सुरुवात करा.
• वळणात ब्रेक नको. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करा.
• पाऊस सुरू झाला की दुचाकीस्वार उड्डाणपुलाखाली आडोशाला थांबतात आणि रस्त्याचा काही भाग व्यापतात. पुलाखाली शिरण्याआधीच वेग उतरवा.
• पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारून केलेल्या पट्ट्यांवरून, पण अंतर राखून चालवा.
• साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर मागे कोणी नाही हे पाहून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक वाळतात.
• पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. जोरात वाहणारं फूटभर पाणीसुद्धा छोटी कार वाहून नेऊ शकतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. यातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं नोंदवलेलं कारण जास्त वेग हेच होतं. घसरलेली गाडी सावरायला एक-दोन सेकंद मिळतात. वेग २० किमीने कमी असेल तर बऱ्याच वेळा ती घसरतच नाही. या पावसाळ्यात लांबच्या प्रवासाला निघण्याआधी टायरच्या खाचा आणि हवा तेवढी पाहून घ्या, आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही दाखवा.